भटू, ड्रमसेट कसा लावायचा होता?

नऊ फेब्रुवारी, रविवार, सकाळचे अकरा. जळगावातलं वाद्यांचं दुकान. रक्कम अठरा हजार पाचशे, त्यापैकी दोन हजार बयाणा म्हणून आधीच दिलेले. हजर: मी, तुझी बहीण मंगला, तुझी भाची गायत्री आणि दुकानाचे शेठ. तू नव्हतास. तुला जाऊन चोवीस दिवस झाले होते.

हे एवढं वाचूनच तू हसला असतास. "पंचनामा करी ऱ्हायनात का, जिजाजी?" म्हणाला असतास. पण मला दुसरीकडून सुरुवात करता येत नाही, भटू. काय झालं, कोणासमोर झालं, हे आधी नीट मांडलं की पुढचं समजतं, असा माझा आजवरचा अनुभव. या वेळी मांडून झालं तरी समजलेलं नाही. म्हणून तुलाच विचारायला बसलोय.

त्या दिवशी आम्ही सेट घ्यायला गेलोच नव्हतो. रद्द करायला गेलो होतो. मंगलाचं म्हणणं होतं, भाऊ जाऊन महिना झालेला नाही आणि घरात ढोल आणायचे, लोक काय म्हणतील ते सोड, माझ्याच कानांना सहन होणार नाही. गायत्रीनेही तुझ्यानंतर काड्या हातात घेतल्या नव्हत्या. तिच्या खोलीत मी नऊ बाय दहाच्या फरशीवर खडूने चौकोन आखून ठेवला होता, सेट किती जागा घेईल ते पाहायला. तो तिने ओल्या फडक्याने पुसून टाकला. मला वाटलं, प्रश्न मिटला. बयाणा परत घ्यावा आणि घरी यावं.

पण शेठनी सेट जोडून ठेवलेला. पाच नगांचा, लहान मुलांच्या मापाचा, लाल रंगाचा. त्यांना काहीच माहीत नव्हतं. ते म्हणाले, "बस बेटा, वाजवून बघ." आणि मी काही बोलायच्या आत गायत्री जाऊन बसली.

दोन मिनिटं ती नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "हा मोठा ढोल इकडे पाहिजे." उजवीकडचा मोठा ढोल तिला डावीकडे हवा होता. शेठ म्हणाले, तो उजवीकडेच असतो. ती म्हणाली, "नाही. माझा इकडे असतो." शेठ चांगला माणूस. वाद न घालता त्यांनी सगळं हलवलं. मोठा ढोल डावीकडे, पायाने उघडमीट होणारी थाळ्यांची जोडी उजवीकडे, पायाचं पॅडल डाव्या पायाला. दहा मिनिटं गेली. मग ती वाजवायला लागली.

मला तालातलं काही कळत नाही, हे तू चारचौघांत अनेकदा सांगितलं आहेस. पण दुकानात आलेली दोन गिऱ्हाइकं थांबली, एवढं मी पाहिलं. मंगलाने पदर तोंडाला लावला. शेठ मात्र तिच्या हातांकडे बघत होते.

"मुलगी डावखुरी आहे का?"

मी म्हणालो, "नाही. उजव्या हाताने जेवते, उजव्या हाताने लिहिते. कॅरमसुद्धा उजव्या हाताने खेळते."

"मग हिला हे असं कोणी शिकवलं?"

"तिच्या मामाने," मंगला म्हणाली.

"एकदा आणा की त्यांना. मला बघायचंय."

"मामा वारला," गायत्री म्हणाली. वाजवणं थांबवून, सरळ त्यांच्याकडे बघून. इतक्या साध्या आवाजात की शेठना आधी कळलंच नाही.

थोड्या वेळाने त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, पोरीचा हात चांगला आहे, पण सगळं उलटं बसलंय. उजव्या हाताच्या माणसाने डावीकडून वाजवायचं, म्हणजे पुढे प्रत्येक ठिकाणी अडचण. शाळेत, क्लासमध्ये, स्टेजवर, सगळीकडे सेट सरळ लावलेला असतो. आता दहा वर्षांची आहे, दोन महिन्यांत सरळ होईल. वर्षभर गेलं की हात पक्का होतो, मग कोणी बदलू शकत नाही. मी परत येऊन गायत्रीला हे जसंच्या तसं सांगितलं. ती उठली, काड्या ढोलावर ठेवल्या आणि म्हणाली, "मग मला नको." बाहेर जाऊन स्कूटरजवळ उभी राहिली.

मी बयाणा परत मागितला नाही. आठ दिवसांची मुदत मागितली.

हे उलटं कुठून आलं, ते मला घरी पोचेपर्यंत उमगलं. गेल्या श्रावणात तुमच्याकडे धुळ्याला कानबाई देवी बसली होती. सोमवारी निरोपाची मिरवणूक निघाली, बायका फुगड्या घालत होत्या, आणि तू गळ्यात ड्रम अडकवून चालला होतास. गायत्री तुझ्या पुढे, तुझ्याकडे तोंड करून, उलटी चालत. तू तिच्या हातात दोन काड्या दिल्यास आणि ती पलीकडच्या बाजूने तुझाच ड्रम वाजवायला लागली. तुझा उजवा हात पडला की तिचा डावा पडायचा. चौकापासून नदीपर्यंत ती तशीच गेली, एकदाही अडखळली नाही. मी मागून ओरडत होतो, "अगं, पुढे बघ, पडशील." तू म्हणालास, "मी बघी ऱ्हायनू ना तिना पुढे. तुम्ही बठ्ठा वरातले रस्ता मोकळा करा."

मग दर महिन्याच्या दोन रविवारी तुझी जळगावची फेरी सुरू झाली. परात, घमेलं, स्टीलचा डबा, तेलाचा पंधरा किलोचा रिकामा पत्र्याचा डबा. एक मांडणी तुझ्यासमोर, एक तिच्यासमोर, दोघं समोरासमोर. तुझा तेलाचा डबा तुझ्या उजव्या हाताला, म्हणून तिचा तिच्या डाव्या हाताला. आरशात बघावं तशी ती शिकली. तू शिकवत राहिलास, ती शिकत राहिली, मी पलीकडच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत राहिलो. तिघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

निदान मला तसं वाटत होतं.

भटू, आपलं शेवटचं भांडण याच गोष्टीवरून झालं होतं, आणि ते अर्धवट राहिलं. मी म्हणालो होतो, वाद्य शिकायचं तर नीट शिकावं, क्लास लावू, घमेल्यावर शिकलेलं पुढे मोडावं लागतं. मला तुझा अपमान करायचा नव्हता. पण खरं सांगायचं तर थोडा करायचाही होता. रविवार आला की ही पोर सकाळपासून दारात. मी रोज संध्याकाळी घरी येतो, कोणी दारात उभं राहत नाही. तू हातातली चहाची बशी खाली ठेवलीस आणि म्हणालास, "मोडनं पडनं तं मी मोडसू, जिजाजी. तुम्ही नही." त्यानंतर क्लासचा विषय मी काढला नाही आणि तूही नाही. पुढच्या फेरीला तू काही झालंच नाही अशा तोंडाने आलास, गायत्रीला घमेलं आणायला पिटाळलंस, आणि मला म्हणालास, "हिशोब बठ्ठा तुमना, वाजाडनं बठ्ठं मनं. वाटणी बरोबर शे ना?"

हिशोब माझा, वाजवणं तुझं. वाटणी बरोबर होती. मी तेव्हा तसं म्हणालो नाही.

तुझ्या वहीत माझ्या नावावर काय काय असेल, याचा मी हल्ली विचार करतो. माझ्या आईला धुळ्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा तू अकरा दिवस दोन वेळचा डबा आणलास. मोटारी वाइंडिंगचं दुकान बंद करून यायचास. मी एकदा म्हणालो, अरे दुकानाचं नुकसान होतंय. तर म्हणे, जळालेली मोटार कुठे पळून जात नाही. आईला तू जात्यावरच्या गाण्याचा ठेका खाटेच्या लोखंडी दांडीवर वाजवून दाखवायचास आणि नर्स येऊन ओरडायची. आई शेवटचं हसली ते तुझ्यामुळे, माझ्यामुळे नाही. आणि आमच्या लग्नात चौदा वर्षांचा तू, हाताला फोड येईपर्यंत वरातीपुढे वाजवत होतास, कारण नवरदेव घोड्यावरून उतरून नाचत नाही म्हणून तुला राग आला होता. "माझ्या बहिणीला कुठे देऊन टाकलं, याचे पाय तरी आहेत का?" हे तू माझ्या मोठ्या भावाला विचारलंस. तो अजून सांगतो.

असो. मुद्द्यावर येतो.

पंधरा जानेवारीला, बुधवारी दुपारी तू फोन केलास. मी कार्यालयात होतो, समोर माणसं उभी होती. तू म्हणालास, "रविवारी दुकानात येतो, सेट मी तपासल्याशिवाय घेऊ नका. आणि जिजाजी, पोरीच्या बाबतीत एक गोष्ट दाखवायची आहे." मी म्हणालो, काय ते सांग. तू म्हणालास, "फोनवर नाही जमणार. दाखवावीच लागेल." मी म्हणालो, बरं, रविवारी बघू, आत्ता गर्दी आहे. नंतर मी मोबाइलमध्ये पाहिलं, तो फोन एकेचाळीस सेकंदांचा होता. गुरुवारी सकाळी तू गेलास.

काय दाखवायचं होतं, भटू?

हेच विचारायला मी पंधरा फेब्रुवारीला, शनिवारी, धुळ्याला गेलो. रेखावहिनी अंगणात गहू निवडत बसल्या होत्या. मी शेठचं म्हणणं सांगितलं. गायत्री उलटी शिकली आहे, आणि भटूला ते कळलं होतं का, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. वहिनींनी सूप खाली ठेवलं.

"तुम्हांला ठाऊक नव्हतं? ते तर दिवाळीपासून डाव्या हाताने वाजवत होते."

मला काही सुधरेना. म्हणालो, "कोण?"

"कोण काय, तुमचे शालक. दुकानातून आले की इथं बसायचे, याच ओट्यावर. डबा डावीकडे, घमेलं उजवीकडे. पंचवीस वर्षं बँडमध्ये वाजवलेला माणूस, आणि पहिल्या इयत्तेच्या पोरासारखा चुकायचा. काडी निसटून माझ्या तुळशीत जायची. मी म्हटलं, हे काय नवीन खूळ? तर हसले." आणि वहिनी तुझ्याच बोलीत, तुझ्याच सुरात म्हणाल्या, "पोरनी माले उलटा करी टाकं."

"म्हणजे काय म्हणायचं होतं त्याला?"

"माले काय माहीत, जिजाजी? एवढंच म्हणाले. वर म्हणाले, जिजाजींना सांगू नको, ते कागद-पेन घेऊन बसतील."

मी त्या ओट्यावर कागद-पेन न घेता बराच वेळ बसलो. दोनच अर्थ निघतात आणि दोन्ही पुरेपूर जुळतात. एक असा: तुला तुझी चूक दिवाळीत कळली. पोरीला "तू चुकलीस" म्हणायचं नव्हतं, आणि माझ्यासमोर "मी चुकलो" म्हणायचं नव्हतं. म्हणून तू स्वतः डावीकडून शिकायला बसलास. तू उलटा वाजवशील तर समोर बसून बघणारी ती आपोआप सरळ होईल, तिच्या नकळत. मोडावं लागलं तर मी मोडीन, हे तू खरं करत होतास. असं असेल तर तुझं काम अर्ध्यावर राहिलं आहे, ते मी पूर्ण करायला हवं. म्हणजे सेट सरळ लावावा आणि तिला तसं शिकवायला माणूस शोधावा.

दुसरा असा: तुला तिचं उलटं आवडलं होतं. ती आता डावीकडूनच वाजवणार, तर तिच्या बाजूला बसून तिच्यासारखंच वाजवता यावं, म्हणून या वयात तू हात बदलत होतास. समोरून उठून शेजारी जायचं होतं तुला. असं असेल तर सेट उलटा लावावा, आणि मी मध्ये पडू नये.

मी वहिनींना दोन्ही सांगितले. विचारलं, तुम्हांला कोणता वाटतो? त्या गव्हातले खडे वेचत म्हणाल्या, "तुम्ही एवढे हिशोबी. एक फोन पुरता ऐकून घ्यायला काय झालं होतं?"

त्या रागावून बोलल्या नाहीत. म्हणून जास्त लागलं. मी उठायला लागलो तर म्हणाल्या, "बसा, भाकरी खाऊन जा," आणि पानात भरताबरोबर दोनदा लोणी वाढलं. जेवताना मी विचारलं, घरात एवढ्यात वाद्य आणलं तर तुम्हांला चालेल का? म्हणाल्या, "ते असते तर वर्षभर गप्प बसले असते का कोणासाठी? स्वतःच्या बापाच्या दहाव्याला मांडीवर बोटं वाजवत होते. भटजी बघत राहिले." मी तिथूनच मंगलाला फोन करून हे सांगितलं आणि तिच्या मनातली अडचण संपली. माझी नाही.

परत येताना पारोळ्याला चहाला थांबलो. गाडीत बसून स्टिअरिंगवर दोन्ही हातांनी एक साधा ठेका धरून पाहिला, आधी उजव्याने सुरू करून, मग डाव्याने. डाव्याने सुरू केलं की तीन ठोक्यांत सगळं कोसळायचं. आठ वेळा केलं, आठही वेळा कोसळलं. तू हे अडीच महिने रोज केलंस. बेचाळिसाव्या वर्षी, दिवसभर तांब्याच्या तारा गुंडाळलेल्या हातांनी. का केलंस ते मला ठरवता येत नाही, पण केलंस हे पक्कं. चहावाला काचेवर टकटक करून विचारत होता, "काका, काही बिघाड शे का गाडीत?"

दुसऱ्या दिवशी मी गायत्रीला सगळं सांगितलं. मामा डाव्या हाताने वाजवायला शिकत होता हेही, आणि त्याचे दोन अर्थ होतात हेही. मंगला म्हणाली, एवढ्याशा पोरीला कशाला? पण जी गोष्ट तिच्या हातांची आहे ती तिच्यापासून लपवणं मला जमलं नसतं. तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "डाव्या हाताने? मामा?" आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा खो खो हसली. "चुकत असेल ना खूप?"

"मामी म्हणाली, काडी तुळशीत जायची."

ती आणखी हसली. हसता हसता रडायला लागली, मग पुन्हा हसली. मी वाट पाहिली. नंतर म्हणालो, "आता तू सांग. सरळ की उलटं?"

"मला उलटं वाटतच नाही, पप्पा. तुम्हांला वाटतंय."

"शेठ म्हणतात, आत्ता नाही बदललं तर नंतर बदलता येणार नाही."

"मग चांगलंय ना. बदलायचंच नाहीये."

"आणि मामाला तुला सरळ करायचं असेल तर?"

ज्या प्रश्नाने मला रात्रभर झोप लागली नव्हती तो तिने दोन बोटांवर मोजून मिटवला. "करायचं असतं तर त्याने केलं असतं. मी त्याचं सगळं ऐकते. तो येऊन बसला असता आणि मी झाले असते सरळ. आता तो येणार नाही, मग तुम्ही कशाला?"

यात तर्क आहे की नाही, मला सांगता येत नाही. एका बाजूने बघितलं तर आहे. दुसऱ्या बाजूने बघितलं तर दहा वर्षांच्या मुलीचं पुढचं सगळं वाजवणं मी तिच्याच एका वाक्यावर सोडून देतोय, आणि तू जे अडीच महिने घाम गाळून दुरुस्त करत होतास ते कायमचं बिघडवतोय. मी आजवर असा एकही निर्णय घेतलेला नाही ज्यात दोन्ही रकाने भरलेले आणि बेरीज कोरी. गाडी घेताना, घर घेताना, आईच्या ऑपरेशनच्या वेळी, प्रत्येक वेळी मला शेवटी कुठलातरी एक आकडा मोठा दिसला होता. या वेळी तू दिसतोस, ओट्यावर बसलेला, चुकणारा. आणि तू कोणासाठी चुकतोयस, तिला बदलण्यासाठी की स्वतः बदलण्यासाठी, ते तुझ्या चेहऱ्यावरून कळत नाही. तू हसतोस फक्त.

मी चुकलो असेन तर वरून एखादी काडी फेकून मार. तुळस आमच्याही दारात आहे.

काल, तेवीस फेब्रुवारी, रविवार. हजर: मी, मंगला, गायत्री, आणि सकाळच्या बसने आलेल्या रेखावहिनी. शेठ स्वतः आमच्या घरी आले आणि खोलीत सेट लावायला बसले. मोठा ढोल हातात घेऊन त्यांनी मला शेवटचं विचारलं, "साहेब, नक्की डावीकडे?" मी गायत्रीकडे बघितलं नाही, मंगलाकडे नाही, वहिनींकडेही नाही. म्हणालो, "डावीकडे." त्यांनी पाऊण तास खपून लावला. सेटचे उरलेले सोळा हजार पाचशे शेठना ऑनलाइन पाठवले. उलटा लावण्याच्या जादा मजुरीचे त्यांनी पाचशे मागितले, ते रोख त्यांच्या हातात दिले, आणि मी त्यांना कमी करायला सांगितलं नाही.